पंपाच्या पलीकडच्या बाजूनं

प्रिय शैला,

मी आपल्या लेकीला, मुग्धाला सांगून टाकलं. तुला न विचारता! चाळीस वर्षं आपण दोघांनी जे झाकून ठेवलं, ते मी एकट्यानं एका रविवारी आपल्या अंगणात उघडं केलं. तुझ्याशी बोलल्याशिवाय आता मला चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र. रागावशील, ठाऊक आहे. रागव. पण आधी पूर्ण ऐकून घे, मग रागव.

तुला जाऊन दहा महिने झाले. दवाखान्यात पडल्या पडल्या तू सांगितलं होतंस, "गाडी उभी ठेवू नका, आठवड्यातून दहा मिनिटं तरी चालू करत जा." मी मान डोलावली आणि घरी येऊन काहीच केलं नाही. तुझ्या वडिलांची ती बिस्किटी अँबॅसिडर गेटच्या आत तशीच उभी राहिली. तिच्यावर जुनी चादर, चादरीवर बोगनवेलीचा कचरा. मला बोनेट उघडवेना.

दुःखानं उघडवेना हे खरंच, पण ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की उघडून पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं! बघ, हे एवढं वाक्य लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

लोकांना काय वाटायचं, आठवतं ना? विनायकराव म्हणजे गाडीतला जाणकार माणूस! दफ्तरात मला 'इंजिनियर साहेब' म्हणायचे आणि मी खुशाल हसून घ्यायचो. महूच्या फौजी वर्कशॉपात उभी हयात काढलेल्या मेकॅनिकची मुलगी तू. प्लग, कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, सगळं तुझ्या बोटांना पाठ. मी फायलींना नाडी बांधणारा माणूस. रविवारी पोहे झाले की इंजिनाच्या त्या बाजूला तू आणि या बाजूला टॉर्च धरून मी. त्यातही बोलणी खायचो. "अहो, उजेड पंपावर मारा ना, माझ्या डोळ्यांत काय मारताय! जरा ढंगानं धरा!"

पण एक सांगू? पहिलं खोटं तू बोललीस, मी नाही.

लग्नाचं पहिलंच वर्ष. आईला आणि आप्पाकाकांना घेऊन आपण महेश्वरला निघालो होतो. मे महिना. मानपूरच्या पुढे घाटात गाडी दोनदा खोकली आणि थांबली. तू खाली उतरलीस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, पंप तापलाय, आतल्या पेट्रोलची वाफ झालीये, म्हणून ते वर चढत नाही. पिशवीतून जुन्या पातळाची पट्टी काढलीस, ओली करून पंपावर गुंडाळलीस आणि पाइपाची सैल झालेली क्लिप आवळायला घेतलीस. मी बघतच राहिलो. मला वाटलं होतं, ती पट्टी कुणाला चक्कर आली तर डोक्यावर ठेवायला घेतली असेल!

तेवढ्यात मागचं दार उघडून आप्पाकाका आले. "अरे विनू, बहूला कामाला लावून तू आराम से उभा? शोभतं का हे?"

माझं तोंड उतरलेलं तू पाहिलंस. पापणी लवायच्या आत पाना माझ्या हातात आला आणि तू म्हणालीस, "मी नुसतं धरलं होतं काका. करतायत तर हेच."

काकांनी माझी पाठ थोपटली. मी पाना हातात घेऊन उभा राहिलो, पट्टीनं तिचं काम केलं, गाडी सुरू झाली आणि महेश्वरपर्यंत माझं कौतुक चाललं. मी चालवत होतो, तू मागे आईपाशी बसून आरशातून माझ्याकडे बघून हसत होतीस. मला तेव्हा वाटलं, काय गोड बायको मिळालीये आपल्याला!

मग तीच आपली रीत होऊन बसली. गेटची कडी वाजली, पुढे मुग्धाची पावलं वाजली, की पाना माझ्याकडे आणि टॉर्च तुझ्याकडे. एका शब्दाची गरज नसे. आलेला माणूस बोनेटपर्यंत पोचायच्या आत तू चहा टाकायला आत गेलेली असायचीस. पहिली काही वर्षं मला लाज वाटायची. नंतर सवय झाली. आणि त्यानंतर, शैला, मला ते आवडायला लागलं.

आता त्या सकाळीबद्दल लिहायलाच हवं. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

मुग्धा बारावीत होती. माझा जुना शर्ट चढवून, केस वर बांधून अंगणात आली. "बाबा, मला पण शिकवा ना. मला मेकॅनिकलला जायचंय." बोनेट उघडंच होतं. तू नुकतीच हात धुवायला आत गेली होतीस, दार सताड उघडं. मी तिला काय शिकवणार होतो? कुठली नळी टाकीतून येते आणि कुठली कार्बोरेटरला जाते, हेसुद्धा मला धड सांगता आलं नसतं. "आईला विचार," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते सोडून मी म्हणालो, "मुलींचं काम नाही हे. हात खराब होतात."

तिनं विचारलं, "मग आईला विचारू?"

आणि मी म्हणालो, "आईला त्यातलं काय कळतं!"

तू दारातच होतीस. कोपरापर्यंत साबणाचा फेस. माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलीस.

महिनाभर तू बोनेटला हात लावला नाहीस. गाडी बंद पडून राहिली, मी सवारीच्या टेंपोनं दफ्तरात जात राहिलो आणि मुग्धाला सांगत राहिलो, की बाबांना सध्या फुरसत नाहीये. तिनं कॉमर्सचा फॉर्म भरला. आज ती राऊच्या कॉलेजात शिकवते, चांगली शिकवते, मुलं तिच्यावर खूश असतात. पण रस्त्यात एखादी जुनी गाडी बंद पडलेली दिसली, की अजून तिची चाल मंद होते. मी ते पाहिलंय आणि दर वेळी दुसरीकडे मान वळवलीय.

तू का नाही गं बोललीस तेव्हा? "ये, मी शिकवते," एवढे तीन शब्द! मी किती वेळा मनात हा प्रश्न घोळवलाय. उत्तर मला माहीत आहे. तिला शिकवायचं म्हणजे मला उघडं पाडायचं. तू माझी लाज राखलीस आणि त्यापायी पोरीला रिकाम्या हाती पाठवलंस. एवढा चांगुलपणा तुला कुणी करायला सांगितला होता? मीच सांगितला होता, तोंड न उघडता. तरी आज तुझ्यावर चिडतोय बघ. चिडायला आणखी आहे कोण?

असो. मागच्या रविवारचं सांगतो.

पलाश नावाचा एक मुलगा आहे. पुण्याचा, इथे नोकरीला आलाय. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी मंडळींना दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी जमवतो. माझी कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होतीच. त्यानं गाडी बघितली, पेट्रोलचे दोन्ही रबरी पाइप तडकलेत हे त्याच्या लगेच लक्षात आलं. म्हणाला, "काका, नवे पाइप मी आणतो. पंपाला लाइन कशी जोडायची, ते तुम्ही आम्हाला करून दाखवा. आजकाल हे हातानं करणारं कुणी भेटत नाही."

नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, चाळीस वर्षं बघितलंय की! त्यात काय आहे?

दहा-बारा जण आले. आपल्या शेजारचे राठीजी आले. मुग्धा आली, मोबाइल उभा धरून चित्रण करायला लागली. "बाबा, जरा इकडे वळा ना," म्हणत होती. खूप दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. मी तुझ्या जागी उभा राहिलो.

आणि मला आठवत होतं, शैला! पाइप चढवायच्या आधी क्लिप ओवून ठेवायची, विसरलं तर सगळं परत काढावं लागतं. पाइपाचं तोंड वाटीभर गरम पाण्यात धरायचं, म्हणजे रबर मऊ होतं आणि नळीवर बिनतक्रार चढतं. मी स्वयंपाकघरातून वाटी मागवली तेव्हा सगळे वाहवा करायला लागले. पेचकस फिरवून मी चारही क्लिपा आवळल्या. मग तू करायचीस तसा पंपाखालचा छोटा दांडा हातानं वरखाली करायला लागलो. पेट्रोल ओढलं गेलं, कार्बोरेटर भरला, की तो दांडा एकदम हलका लागतो, तू म्हणायचीस.

तो हलका होईना. मारतोय, मारतोय, आणि मागून टाकीत गुडगुड आवाज येतोय. चावी फिरवली. स्टार्टर नुसता घुरघुरला. परत फिरवली. तेच.

पलाशनं वाकून बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "काका, नळ्या उलट्या लागल्यात. टाकीची कार्बोरेटरच्या जागी गेलीये. पंप टाकीत हवा ढकलतोय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. राठीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे भिया, भाभीजींना जाऊन साल पण नाही झालं. मन ठिकाणावर कसं राहणार? टेंशन नका घेऊ."

मी मान हलवली.

शैला, मी मान हलवली! तुझ्या जाण्याच्याही आड लपलो. पलाश नळ्या बदलून देतो म्हणत होता, त्याला म्हटलं, आज राहू दे. मंडळी चहा पिऊन, आवाज खाली ठेवून निघून गेली.

मुग्धानं कपबशा उचलल्या आणि थांबली. "बाबा, सच सांगा. चाळीस साल केलेलं काम हात असं विसरतात?"

मी सांगितलं. पायरीवर बसून, घाटापासून सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "मी तुमचा शर्ट घालून आले होते, त्या दिवशी आई कुठे होती?"

"दारात."

"तुम्ही बोललात ते तिनं ऐकलं?"

"ऐकलं."

तिनं कपबशा जिथल्या तिथे ठेवल्या, पर्स उचलली आणि गेली. आठवडाभर फोन नाही. मी केला तर उचलला नाही.

मधल्या काळात मी पलाशला फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, काकूंचा गाडीवर काम करतानाचा एखादा फोटो असेल ना? आमच्या ग्रुपवर टाकू. त्यांच्या नावानं."

मी आल्बम काढला. शैला, एकही नाही! दर फोटोत बोनेटपाशी मीच आहे, पाना उगारून, जसं काही मोठं मैदान मारलंय. तू बाजूला उभी. आणि दर फोटोत तुझे दोन्ही हात पाठीमागे. मला कायम वाटायचं, तुला फोटोत कसं उभं राहायचं ते समजत नाही. एकदा तर मी त्यावरून तुझी थट्टाही केली होती. परवा कळलं गं. हात काळे असायचे तुझे. ग्रीस दिसू नये म्हणून तू ते मागे धरायचीस. मी आल्बम मिटला आणि खूप रडलो. तू गेलीस त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

आज सकाळी गेटची कडी वाजली. मुग्धा. जुना सलवार-कुर्ता, केस वर बांधलेले. माझ्याशी बोलली नाही, सरळ चादर ओढून काढली आणि बोनेट उघडलं. मग म्हणाली, "आई कुठे उभी राहायची?"

मी दाखवलं. ती तिथे उभी राहिली.

"आणि तुम्ही?"

मी पलीकडे गेलो. तुला काय सांगू? तिथे पोचलो आणि सगळं ओळखीचं दिसायला लागलं. पंप, दोन्ही तोंडं, मधला स्क्रू, सगळं जिथल्या तिथे! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जन्मभर हे काम समोरून पाहिलं होतं. तुझं डावं ते माझं उजवं. मागच्या रविवारी तुझ्या जागी उभा राहून मी माझ्या बाजूचं चित्र जोडत बसलो होतो.

मुग्धाला ते सांगितलं. तिनं पेचकस हातात घेतला. म्हणाली, "मग उजवं-डावं बोलूच नका. आईचा हात कुठे जायचा, तेवढं बोटानं दाखवत जा."

मी बोटानं दाखवत गेलो. इथली क्लिप आधी सैल. हा पाइप हलवत हलवत बाहेर, ओढायचा नाही, ओढला तर तुझी आई ओरडायची. खाली फडकं, पेट्रोल गळतं. आता टाकीकडून आलेली ही नळी पंपाच्या या तोंडावर. कार्बोरेटरची त्या दुसऱ्या तोंडावर. क्लिप काठावर नको, थोडी आत. आवळताना आई मनगट फिरवायची, खांदा नाही. मुग्धानं मनगट फिरवलं.

मग ती दांडा मारायला लागली. पंधरा-वीस वेळा झालं असेल.

"बाबा, हलका झाला," ती म्हणाली.

दुसऱ्या चावीला इंजिन लागलं. थोडं अडखळलं, मग एका लयीत आलं. मुग्धानं दोन्ही जोडांवरून कोरडं बोट फिरवून पाहिलं, ओल नव्हती. मला वाटलं आता ती हसेल. तिनं गाडी बंद केली, पायरीवर येऊन बसली आणि समोर बघत म्हणाली, "आणखी काय काय आईचं होतं, जे आम्ही तुमचं समजतो?"

मी म्हणालो, "निवृत्तीच्या दिवशीचं माझं भाषण. आणि कॉलनीच्या गणपतीत ते फिरणारं चाक केलं होतं ना, तेही तिचंच."

"आणि?"

मी आठवत राहिलो.

"बरं, दुपारची ती काय करायची? तुम्ही दफ्तरात, मी शाळेत. तेव्हा?"

"मला माहीत नाही."

"कभी विचारलं पण नाही?"

"नाही."

ती उठली, नळाखाली हात धुतले. पुढच्या रविवारी येशील का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "बघते." माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही. ती गेल्यावर आत आलो आणि लिहायला बसलो.

शैला, बोनेट उघडं असेल तेव्हा तुझं बोटन् बोट मी पाहिलं. ते बंद झालं की मी पेपर वाचायचो. काय करत होतीस गं तू त्या इतक्या दुपारी? कुणाशी बोलायचीस? काही हवं होतं का तुला? आता विचारतोय. वेडाच आहे मी.

एक वचन देतो. मुग्धा आली तर तिला, नाही आली तर तिच्या दारी जाऊन, आठवेल ते सगळं सांगेन. माझ्या नावावर लागलेलं एकेक काम तुझ्या नावावर लावून देईन. जिथे मी पाहिलंच नाही तिथे 'मी पाहिलं नाही' एवढंच म्हणेन. ती रडली तरी, मला बरं वाटावं म्हणून, तू फार सुखात होतीस असं काही रचून सांगणार नाही.

तुझाच,
विनायक